वाटीतले चिंचोके

दसरा झाला की खाडी उतरते. पावसाचं गढूळ पाणी समुद्राला लागतं, आणि चार महिने गोड झालेली खाडी पुन्हा खारी होते. हे मला विचुंब्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसूनही कळतं. मुलाच्या घराला गॅलरी आहे, गॅलरीला जाळी आहे आणि जाळीपलीकडे दुसरी बिल्डिंग आहे. खाडी काही दिसत नाही. पण सकाळी ऊन तापायच्या आधी वारा फिरतो, अंगाला चिकट लागतो, आणि मी ओळखतो की आता चिखल उघडा पडला असेल. निवट्या बिळांतून निघून पोटावर सरपटत असतील. बांधावरचं गवत वरून सुकलं असेल, मुळाशी ओलं असेल. डोंगर फोडायचे सुरुंग दुपारी वाजतात तेव्हा खिडकीची काच थरथरते. विमानतळ होतोय म्हणतात. होऊ दे. मी त्या आवाजावर घड्याळ लावतो, एवढाच माझा त्याचा संबंध.

परवा मी बोय घेऊन आलो. बोय म्हणजे आमच्या खाडीतली साधी रुपेरी मासळी, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकला की येते. साफ केली, तुकडे केले आणि नुसत्या पाण्यात उकडत ठेवली. मीठ नाही, हळद नाही, चिंच नाही.

सून बघायला आली. "बाबा, हे काय? आजाऱ्याचं जेवण?"

"वास बघायचा हाय."

"मासे आहेत, वास येणारच ना." असं म्हणून तिने पंखा लावला, भिंतीतला, धूर ओढणारा. सगळा वास बाहेर.

तिचं काही चुकलं नाही. ती कर्जतकडची, तिला खाडी म्हणजे पुलावरून दिसणारं पाणी. मी पंखा बंद केला, झाकण उचललं आणि नाक खाली नेलं. वाफ लागली. मासळीचा वास होता. त्याच्या मागे आणखी काही होतं की नव्हतं? पुन्हा हुंगलं. कळेना. जन्म खाडीत गेला माझा, पण आमच्या घरात नाक माझं नव्हतंच. नाक माझ्या बायकोचं, चांगुणाचं होतं. ती शिमग्यानंतर गेली.

आणि रविवारी मला तिच्या जागी बसायचं आहे.

ती कुठली जागा, ते सांगायचं तर मला त्या वर्षात जावं लागेल. दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा आमचं घर खाडीकाठी होतं, दारात होडी बांधलेली आणि अंगणात जाळं वाळत घातलेलं. सकाळचा पहिला आवाज म्हणजे चांगुणाचा विळीवर बसल्याचा. दुसरा आवाज तिच्या बांगड्यांचा. तिसरा तिच्या तोंडाचा. "उठलाव का? पाणी सुकलं, उठा." सुकती म्हणजे ओहोटी. तिला भरती-ओहोटी अंथरुणातूनच कळायची, पावलांना गारवा लागला की.

आणि दसऱ्यानंतर खाडीला तो दुसरा वास यायचा. पावसात यायचा नाही. पावसात पाणी एवढं असायचं की वरच्या कारखान्यांनी काय सोडलं आणि काय नाही, सगळं एकाच गढूळात वाहून जायचं. पाणी उतरलं की मात्र काठाच्या चिखलावर रंगीत तवंग दिसायचा, मोराच्या पिसासारखा. पोरांना तो आवडायचा. मासळी पाटीत असेपर्यंत काही कळायचं नाही. डोळे लाल नाहीत, कल्ले ताजे, अंग घट्ट. टोपात शिजायला लागली की रॉकेलचा वास. स्टोव्ह नुकता विझवलाय असा.

त्यावर चांगुणाचा उपाय ठरलेला होता. चिंच दुप्पट, लसूण तिप्पट, वर मिरचीचा ठेचा. गिऱ्हाइकालाही ती हेच सांगायची. "ताई, बोयला चिंच भरपूर घाला, आमच्यात तशीच करतात." आमच्यात तशी करत नव्हते. माझ्या आईने बोयला कधी एवढी चिंच घातली नाही. पण पनवेलच्या बाजारात बसून बसून चांगुणाने ही नवी रीत जुनी करून टाकली होती. पाटीत वर उरणच्या धक्क्यावरून घेतलेली समुद्राची मासळी, खाली खाडीची. आणि तोंडात दिवसभर एकच, "चांगली हाय, ताई, चांगली हाय, घ्या." ती झोपेतही हे बोलायची. खोटं नाही सांगत.

मी तिला त्याचा दोष देत नाही. मासळी विकणारी बाई आपल्या मासळीला वाईट म्हणाली तर ती बाजारातून उठली. तिची जागा दुसरी धरते. चांगुणाची जागा तिच्या सासूची होती, म्हणजे माझ्या आईची. दगड असा बसून बसून गुळगुळीत झालेला की पावसात घसरायला व्हायचं.

त्या हंगामात दामू एका बाईंना घेऊन आला. दामू आमच्यातलाच, थोडा शिकलेला, खाडी वाचवायची म्हणून त्याने गावोगावची माणसं गोळा करायला घेतली होती. कुठे बेलपाड्याला सभा, कुठे जासईला कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत मोर्चा. आवाज मोठा आणि पायांत चप्पल नाही. बाई मुंबईच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या. अनघा म्याडम. चष्मा, पाठीवर पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पोरगीच म्हणायची, पण आम्ही म्याडम म्हणायचो.

मी तिला सरळ सांगितलं, "तुमच्या आधी पण आले होते. बाटल्या भरून नेल्या. पुन्हा तोंड दाखवलं नाय."

ती म्हणाली, "काका, त्यांचं मी सांगू शकत नाही. मी येईन."

"समदे तेच बोलतात."

"मग मी आल्यावर बोला," म्हणाली, आणि होडीत बसली. होडीत कसं बसायचं तिला ठाऊक होतं, भरती-ओहोटीचं कोष्टक पिशवीत होतं. मला तिला काही शिकवावं लागलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

पाणी तिने नेलं, चिखल नेला. पण मासळीचा वास यंत्राने लगेच पकडता येत नाही, म्हणाली. यंत्र आहे, महाग आहे, वेळ लागतो, आणि यंत्र सांगेल ते सगळ्यांना पटेलच असं नाही. "मासळीला वास येतो की नाही हे सांगायला माणसाचं नाक चालतं. एकाचं नाही, पुष्कळांचं. आणि कुठली मासळी कुठली हे नाकवाल्याला माहीत नसलं पाहिजे."

तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर तो कार्यक्रम झाला. बाया रांगेत बसल्या. एकाच जातीची मासळी, बोयच, काही आमच्या खाडीतली, काही लांबून, जिथे कारखाना नाही अशा खाडीतली, नुसत्या पाण्यात उकडून झाकलेल्या वाट्यांत ठेवली. आत चुलीपाशी अनघाची एक मैत्रीण वाट्या भरत होती. बाहेर कुठली वाटी आली ते अनघालाही माहीत नव्हतं, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून कोणी ओळखायला नको. वाटीवर नुसती खूण. बाईने झाकण उचलायचं, हुंगायचं आणि सांगायचं, चांगली की वास मारते.

पहिली चांगुणा. हुंगली. तिच्या नाकपुड्या आवळल्या, मी बघत होतो. तिला वास लागला होता. एवढ्या वर्षांचा संसार, मला कळणार नाही?

"चांगली हाय," म्हणाली.

दुसरी वाटी. "चांगली हाय."

मग बायजा. बायजा म्हणजे आमची शेजारीण, चांगुणाची बाजारातली जोडीदारीण, तोंडाची फाटकी. ती तरी खरं बोलेल असं वाटलं. तिने वाटी हुंगली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि म्हणाली, "ताजी हाय. सकाळचीच हाय."

सगळ्या बाया तेच. ओट्यावर जणू बाजार भरला होता. एका बाईने तर झाकण न उचलताच सांगितलं.

दामू लाल झाला. "अगो, घरात रोज बोंबलता वास येतो, वास येतो! आणि इथं?"

"तू गप रं," बायजा म्हणाली. "तुना काय विकायचं हाय? भाषण?"

बाया हसल्या. अनघा हसली नाही, चिडलीही नाही. तिने वाट्या गोळा केल्या, घासल्या, पुसल्या. जाताना चांगुणाला विचारलं, "मावशी, उद्या तुमच्याबरोबर बाजारात येऊ?"

"कला?" चांगुणा म्हणाली, म्हणजे कशाला. "तुमाला मासळी हवी असंल तर देते की."

"मासळी नको. नुसती बसते."

ती आली. पाटीशेजारी पाट टाकून बसली. एक दिवस नाही, बरेच दिवस. पनवेलचा तो सकाळचा बाजार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ओल्या गोण्या, बर्फाचा भुसा, विळ्यांचा खरखराट, मांजरं, आणि त्यात ही चष्मेवाली, अंगावर खवले उडालेले. बायजा तिची थट्टा करायची, "म्याडम, नवरा मिळायचा नाय, अंगाला वास लागला." ती म्हणायची, "कोळी बघा मग एखादा." "कोळी तुना पोसंल? तो आपल्यालाच पोसायला सांगंल." माझ्याकडे बघून बोलायची हे.

एकदा एक बाई आली, मुलाचा हात धरून. तिने पाटीतली बोय उचलली, हुंगली, ठेवली. "मागच्या वेळी वास आला होता हो." चांगुणा हसत म्हणाली, "ताई, तुमचा टोप रॉकेलजवळ असंल." बाई गेली. चांगुणाचं हसू राहिलं, पण तिचे हात थांबले. मग ती अनघाकडे न बघता म्हणाली, "मी तुज्यासमोर माज्या मासळीला वाईट बोलू? तू उद्या पेपरात छापशील. परवा इथं कोण येणार नाय. आमच्या सगळ्या बायांच्या पाट्या परत. कारखाना हाय तिथंच राहील."

त्या दिवशी पहिल्यांदा ती 'तू' म्हणाली.

संध्याकाळी अनघा आमच्या ओटीवर बसली होती. चांगुणाने तिला चहा दिला. ती म्हणाली, "मावशी, चूक माझी. मी विचार केला नाकाचा. पोटाचा केला नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, म्हणजे मी विचारलंच नाही." मग म्हणाली, "निकाल जो येईल तो आधी तुमच्या हातात. बाहेर सांगायचा की नाही, कधी सांगायचा, कोणी सांगायचा, तुम्ही बायांनी ठरवायचं. तुम्ही नको म्हणालात तर मी छापणार नाही."

मी कोपऱ्यातून म्हटलं, "तुमचे कॉलेजातले सर ऐकतील?"

"सरांना मी तेच सांगून आलेय. नाहीतर दुसरी खाडी शोधीन."

मला ती बाई तेव्हा पटली. कागदावर सही मागितली असती तर पटली नसती.

चांगुणा चुलीपाशी चिंच कोळत होती. हाताने चोथा बाजूला काढला, चिंचोके वेगळे केले. काळे, तुळतुळीत. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तोंडानी नाय होणार आमच्याच्यानं," म्हणाली. "तोंड बाजारात गेलंय. हातानी होईल."

तसं झालं. पुढच्या खेपेला ओट्यावर प्रत्येक वाटीमागे एक रिकामं मडकं ठेवलं, फडकं बांधून, फडक्याला भोक. बाईने एकटीने पुढे जायचं, हुंगायचं, आणि वास मारत असेल तर चिंचोका आत टाकायचा. नसेल तर मूठ तशीच नेऊन परत यायचं. पाठ सगळ्यांकडे. कोणी कोणाला बघायचं नाही, कोणी बोलायचं नाही. बोलली तर तिचं मत बाद. हा शेवटचा नियम अनघाचा. बोललं की पुढची ऐकते, आणि तिचं नाक पहिलीच्या तोंडामागे जातं, म्हणाली.

मी ओट्याखाली बसलो होतो. एवढ्या बाया आणि एवढी शांतता मी फक्त मयताच्या घरी बघितली होती. बायजासुद्धा गप्प. फक्त आवाज यायचा, मडक्याच्या बुडाला चिंचोका लागला की टक. मग पायांचा. मग टक. दुपारचं ऊन ओट्यावर सरकत होतं आणि समोर खाडी भरत होती. काही वाट्यांमागची मडकी वाजतच राहिली. काही एकदाही वाजली नाहीत.

फडकी सोडली तेव्हा अनघाच्या मैत्रिणीने आतून येऊन सांगितलं कुठली वाटी कुठली. जी मडकी भरली होती ती सगळी आमची होती.

बायजा म्हणाली, "ते तर आमाला आधीच म्हायती होतं." कोणी हसलं नाही.

अनघाने हे अनेकदा केलं, भरतीच्या, ओहोटीच्या वेगवेगळ्या पाण्याला. चिखलाचे, पाण्याचे कागद आले. तिने ते बायजाच्या अंगणात बसून समजावले. काय सापडलं ते सांगितलं. काय सापडलं नाही तेही सांगितलं. एका बाईने विचारलं, "माज्या पोराच्या अंगाला चट्टे येतात, ते यानीच का?" अनघा म्हणाली, "मला माहीत नाही. ते या कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी डॉक्टर आणायला हवा, मी विचारते." दामू कपाळाला हात लावून बसला. त्याला 'हो' पाहिजे होतं, सभेत सांगायला. पण चांगुणा मला रात्री जेवताना म्हणाली, "एवढे साहेब बघितले, 'मना म्हायती नाय' बोललेला एक नाय बघितला. ही खरी हाय." आणि दुसऱ्या आठवड्यात अनघा डॉक्टर घेऊन आली.

मग आली जनसुनावणी. वरच्या एका कारखान्याला वाढायचं होतं. मांडव, पंखे, खुर्च्या, आलेल्यांना वडापाव. पोरांना नोकऱ्यांचा शब्द. आदल्या दिवशी बायजाच्या अंगणात बाया बसल्या. बोलायचं का? बायजा म्हणाली, "मी नाय बोलणार. माजी पोर लग्नाची हाय, बाजार बसला तर?" ती खरं बोलत होती, तिच्यावर कोणी ओरडलं नाही. शेवटी चांगुणा म्हणाली, "एकटी बोलली तर तिची जागा जाईल. समद्या बोललो तर कोणाची जागा कोण घेणार? बोलायचं तर समद्यांनी. नायतर कोणीच नाय. आणि अनघाबायनी पण तोंड उघडायचं नाय."

अनघाने मान हलवली.

दामूला ते पटलं नव्हतं. मांडवात तो तिच्या मागे लागला, "म्याडम, तुमी स्टेजवर चला. तुमचं इंग्रजी, तुमचे कागद."

ती म्हणाली, "मी बोलले तर ते माझे कागद खोडत बसतील, दामूदादा. या बोलल्या तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. मला विचारलं तर मी उठेन."

ती बायांच्या मध्ये बसली, मांडीवर कागद.

चांगुणाचा पुकारा झाला. ती उठली तेव्हा पदर तिने दोनदा खोचला. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "मावशी, थोडक्यात."

"थोडक्यातच हाय," ती म्हणाली. माइकमध्ये तिचा आवाज मला ओळखू येईना. "मी पनवेलच्या बाजारात बसते. माजी सासू बसायची तिथं. रोज सांगते, माजी मासळी चांगली हाय. ती चांगली नाय. शिजवली की रॉकेलचा वास मारते. उद्यापासून माज्याकडून कोण घेणार नाय, हे मना म्हायती हाय. तरी सांगते."

मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटलं, आपल्या घराचा दगड आपल्या डोळ्यांसमोर बाजारातून उचलून टाकला. पाठीमागून एक खुर्ची सरकली. बायजा. "मी बायजा. चांगुणाच्या बाजूला बसते. माजी पण मासळी वास मारते." मग तिसरी. मग पुढची. एक एक उठली आणि आपली जागा सांगितली, नळाजवळची, बर्फवाल्यासमोरची, जिन्याखालची. अख्खा मासळी बाजार उभा राहिला मांडवात.

कारखान्याचा माणूस म्हणाला, वास हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग असतो. तेव्हा साहेबांनी विचारलं, याला काही आधार आहे का? तेव्हा अनघा उठली. ती फार बोलली नाही. वाट्या कशा ठेवल्या, खूण कोणाला माहीत होती, कोणाला नव्हती, चिंचोके कुठे पडले, आणि चिखलात काय निघालं. बसली. कागद साहेबांपुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा पाटी घेऊन निघाली. मी म्हटलं, "आज कला जातेस?"

"माजी जागा हाय," म्हणाली.

वाईट गेला तो हंगाम. काय लपवायचं? पाट्या परत यायच्या. वर समुद्राची, खाली खाडीची हा प्रकार बंद. चांगुणा विचारणाऱ्याला सरळ सांगायची, "ही उरणची, ही खाडीची. खाडीची लहान पोराला देऊ नका." गिऱ्हाईक तिच्याकडे वेडीसारखं बघायचं. आम्ही डाळ-भातावर काढलं. बायजा अनघाला तोंडावर म्हणाली, "तुज्या वाट्यांनी आमच्या पाट्या बसवल्या." अनघाने ऐकून घेतलं. ती आली नसती तर कोणी तिला बोलावायला गेलं नसतं. पण ती आली, शिव्या ऐकायला आली, आणि नुकसानीचे अर्ज लिहायला बसली. एक म्हातारे मास्तर मात्र रोज यायला लागले. "चांगुणाबाई, आज काय घेऊ ते तुम्हीच सांगा." ते मरेपर्यंत दुसरीकडून घेतलं नाही त्यांनी.

कारखान्याची वाढ अडली. पुढे कुठला नळ बदलला, कुठला बंद झाला, आमच्या गावाच्या वळणावरचा तवंग कमी झाला. सगळं सुधारलं असं मी लिहिणार नाही. दुसरीकडून दुसरं येतं. भराव पडतात, खाडीच आखडत चालली. आमचं घर गेलं, होडी विकली. जिथे मी पाग टाकायचो तिथे आता मातीचा डोंगर आहे आणि त्यावर लाल झेंडी. पण त्या एका वळणावरच्या पाण्यासाठी अनघा दर वर्षी दसऱ्यानंतर येते. तिचे केस पांढरे व्हायला लागले, तिच्या हाताखाली आता मुलं शिकतात, तरी ओट्यावर वाट्या तीच मांडते. बाया कमी झाल्या. कोणी गेल्या, कोणी मुलांकडे राहायला गेल्या. आणि चांगुणा दर वर्षी पहिली जायची. गेल्या वर्षी तिला दम लागत होता, दोन बायांनी धरून नेलं. हुंगलं, मूठ उघडली, टक.

तिला जाळलं त्या दिवशी बाजारात आमच्या बाजूच्या एकाही बाईने पाटी मांडली नाही. अनघा आली होती. रडली नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली. जाताना म्हणाली, "काका, यंदा मावशींची जागा..." मी म्हटलं, "बघू."

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि काल रविवार झाला.

समाजमंदिराचा ओटा तोच, फरशी नवी. बायजा मला बघून म्हणाली, "आयले नाकवाले." मी म्हटलं, "माजं नाक चालत नाय, बायजा." "कोणत्या नवऱ्याचं चालतं? बसा." हातात चिंचोके दिले. पहिली जागा चांगुणाची, म्हणून पहिला मीच.

गुडघे धरत वाटीपाशी गेलो. झाकण उचललं. वाफ आली. मी नाक खाली नेलं आणि डोळे मिटले. तिने शिकवलं होतं, मासळी आधी सोडून द्यायची, मासळीच्या मागे काय आहे ते बघायचं. मागे काही नव्हतं. मी थांबलो. पुन्हा हुंगलं. दुसरी वाटी, तिसरी. प्रत्येकीत नुसती मासळी. खारी, थोडी चिखलाची, माझ्या आईच्या टोपातली. चिंच नाही, लसूण नाही. मूठ घट्ट धरून मी तिथेच उभा राहिलो.

आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "चांगली हाय."

कोणी पुढे येईना. बायजाने पदर तोंडाला लावला. अनघा माझ्याजवळ आली, माझ्या मुठीतले चिंचोके हळूच काढून घेतले.

"काका," म्हणाली, "बोललात. तुमचं मत बाद."

बाद तर बाद. मी ओट्याखाली जाऊन बसलो, आणि बाया एकामागून एक वाट्यांपाशी गेल्या. मी कान देऊन होतो. मडकी वाजली नाहीत.